युद्धनौका-प्रतिकृतींवरील ध्वज व शिडे

एखाद्या युद्धनौकेची सर्व अंगे ठरावीक प्रमाणात लहान करून तयार केलेल्या वस्तूस युद्धनौका-प्रतिकृती म्हणतात. अशा प्रतिकृतीवर लावलेले ध्वज व उभारलेली शिडे मूळ नौकेच्या देश, काळ, प्रकार व प्रसंग यांच्याशी कितपत जुळतात, याचा विचार ऐतिहासिक यथार्थतेच्या दृष्टीने केला जातो. नौकेचा सांगाडा लाकडाचा असल्याने तो बुडाला तरी चिखलात शतकानुशतके टिकू शकतो. तोफा व नांगर धातूचे वा दगडाचे असल्याने ते त्याहूनही अधिक टिकतात. कापड मात्र ऊन, पाणी व बुरशी यांमुळे थोड्याच वर्षांत नष्ट होते. यामुळे प्रतिकृतीचा जो भाग पाहणाऱ्याच्या डोळ्यांत प्रथम भरतो, त्याच भागाविषयीचा प्रत्यक्ष पुरावा सर्वांत दुर्बल असतो. संग्रहालये, शाळा व किल्ल्यांवरील दालने यांतून मांडलेल्या प्रतिकृतींची छायाचित्रे पुढे पुस्तकांत छापली जातात आणि कालांतराने त्यांनाच पुराव्याचे स्थान मिळते. म्हणून ध्वज व शिडे यांची निवड केवळ सजावटीची बाब राहत नाही.

पुराव्याची साधने : प्रत्यक्ष शीड उपलब्ध असल्याची उदाहरणे जगात फारच थोडी आहेत. ‘वासा’ ही स्वीडनची युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोम बंदरात बुडाली व १९६१ मध्ये वर काढण्यात आली. तिच्या दहा शिडांपैकी चार त्या वेळी उभारलेली होती, ती नष्ट झाली. घडी करून ठेवलेली सहा शिडे मात्र तिच्या कोठारात सापडली. ट्रफॅल्गरच्या लढाईत (१८०५) ‘व्हिक्टरी’ या ब्रिटिश नौकेवर असलेले पुढच्या डोलकाठीचे एक शीड इंग्लंडमधील पोर्ट्‌स्मथ येथे जतन केलेले असून त्यावर गोळ्यांची नव्वदच्या सुमारास छिद्रे आहेत. अशा वस्तूंवरून कापडाच्या पट्ट्यांची रुंदी, शिवण, कडेला शिवलेला दोर इ. तपशील निश्चित करता येतात.

जेथे प्रत्यक्ष वस्तू नाही, तेथे नाणी, शिल्पे, भित्तिचित्रे, समकालीन वर्णने, पत्रव्यवहार व नंतर काढलेली चित्रे यांवर अवलंबून राहावे लागते. यांपैकी प्रत्येक साधनाची मर्यादा वेगळी आहे. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी (इ. स. दुसरे शतक) याच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आढळते. डोलकाठ्यांची संख्या ठरविण्यास हे नाणे उपयोगी पडते. तथापि नाण्याच्या लहानशा गोलात बसविलेल्या आकृतीवरून शिडाची उंची व रुंदी मोजता येत नाही. मुंबईतील बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर सागरी युद्ध कोरलेले असून त्यात वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे आहेत. काही अभ्यासक या प्रसंगाचा संबंध तेराव्या शतकातील यादव-शिलाहार संघर्षाशी जोडतात. लढाईत वल्ह्यांवर चालणारे जहाज दाखवावयाचे असेल, तर त्यावर वाऱ्याने फुगलेली शिडे चढविणे उचित नव्हे, असा धडा या शिल्पांवरून घेता येतो.

वत्सगुल्म व अजिंठ्याचे नौकाचित्र : वाशिम जिल्हा (१ जुलै १९९८ पूर्वी अकोला जिल्ह्याचा भाग) समुद्रापासून शेकडो किमी. दूर आहे, परंतु महाराष्ट्रातील एका महत्त्वाच्या प्राचीन नौकाचित्राचा विचार वाशिमला वगळून करता येत नाही. वाशिम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची येथे राजधानी होती. या शाखेचा राजा हरिषेण याच्या कारकीर्दीत, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठा येथे मोठे लेणीकाम झाले. सोळाव्या क्रमांकाचे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने करविले, हे तेथील शिलालेखावरून स्पष्ट होते. सतराव्या क्रमांकाचे लेणे त्याच्या मांडलिकाने करविले. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील नौकाचित्र सामान्यतः याच शतकातील मानले जाते. काही अभ्यासक ते सहाव्या शतकातील मानतात. [⟶ अजिंठा].

या चित्रात ओळीने तीन डोलकाठ्या असून त्यांवर उंच व अरुंद अशी आयताकृती शिडे आहेत. नाळेच्या पुढे आलेल्या काठीवर आणखी एक शीड वाऱ्याने फुगलेले दिसते. मागील बाजूस सुकाणूचे काम करणारी मोठी वल्ही आहेत, नाळेवर डोळा रंगविलेला आहे आणि जहाजात रांजणांची रांग मांडलेली आहे. हे जहाज व्यापारी आहे, युद्धनौका नव्हे. याउलट सतराव्या लेण्यात सिंहल-अवदानाच्या प्रसंगात हत्ती, घोडे व सैनिक यांनी भरलेल्या नावा दाखविल्या आहेत. तेथे नावेच्या मानाने हत्ती इतके मोठे आहेत, की त्यावरून नावेचे माप काढू गेल्यास निष्कर्ष हास्यास्पद ठरेल. चित्रकाराने कथेला महत्त्व दिले असून त्याला जहाजबांधणीचा नकाशा काढावयाचा नव्हता. म्हणून या दोन चित्रांची सरमिसळ करून, म्हणजे एकाची शिडे व दुसऱ्याचे सैनिक घेऊन, ‘वाकाटककालीन युद्धनौका’ घडविणे हे पुराव्यास सोडून होईल.

मूळ भित्तिचित्रे झिजत गेल्याने त्यांच्या नकलांनाही महत्त्व आले आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांपैकी पुष्कळ १८८५ मध्ये लंडन येथे लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. त्यांचा चित्रसंग्रह १८९६-९७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. पुढे राधाकुमुद मुखर्जी यांच्या भारतीय नौकानयनावरील १९१२ च्या ग्रंथामुळे अजिंठ्याचे जहाज सर्वत्र परिचित झाले. प्रतिकृतिकाराच्या हाती बहुधा मूळ चित्राऐवजी अशी रेखाटने असतात. मूळ चित्रात पुसट झालेली रेषा नकलेत ठळक झालेली असू शकते, हे त्याने लक्षात घ्यावयास हवे.

‘कौंडिण्य’ नौका : अजिंठ्याच्या या चित्रावरून पूर्ण आकाराची नौका बांधण्याचा प्रयोग अलीकडे झाला. केंद्रीय संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल व गोव्यातील होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला आणि केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली फळ्या काथ्याच्या दोराने शिवून नौका तयार करण्यात आली. मूळ आराखडा उपलब्ध नसल्याने द्विमितीय चित्रावरून आकार निश्चित करावा लागला आणि मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या सागरी अभियांत्रिकी विभागाने जलगतिकीय चाचण्या केल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ती ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाली व २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून मस्कतकडे निघाली. चौकोनी शिडे व सुकाणूची वल्ही ही तिची अंगे चित्रास अनुसरून आहेत. तिच्या शिडांवर मात्र गंडभेरुंड व सूर्य यांची चिन्हे आहेत, नाळेवर सिंहव्याल आहे आणि तक्त्यावर हडप्पा पद्धतीचा दगडी नांगर आहे. ही चिन्हे भारतीय सागरी परंपरेची प्रतीके म्हणून योजलेली आहेत. यावरून एक भेद स्पष्ट होतो : २०२५ मधील ‘कौंडिण्य’ची प्रतिकृती करणाऱ्याने शिडांवर गंडभेरुंड काढलाच पाहिजे, अजिंठ्याच्या जहाजाची प्रतिकृती करणाऱ्याने तो काढता कामा नये. दोन्ही प्रतिकृती आपापल्या जागी यथार्थ ठरतील. परंतु एकीवर दुसरीची पाटी लावल्यास दोन्ही असत्य होतील.

मराठ्यांच्या आरमारातील शिडे : शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर आरमाराच्या उभारणीस चालना मिळाली आणि १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले. गुराब, गलबत, शिबाड, तरांडे, मचवा, पाल इ. नौकाप्रकारांचे उल्लेख मराठी कागदपत्रांत व बखरींत येतात. प्रतिकृतिकाराची पहिली अडचण नावांपासूनच सुरू होते. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज बसरूरच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा ८५ ‘फ्रिगेट’ व तीन मोठी जहाजे असल्याचा उल्लेख इंग्रजी पत्रव्यवहारात आहे. पश्चिम किनाऱ्यावरील इंग्रज त्या काळी ‘फ्रिगेट’ हा शब्द लहान स्थानिक नौकांसाठीही वापरीत. या शब्दावर विसंबून अठराव्या शतकातील यूरोपीय फ्रिगेटची तीन उंच डोलकाठ्यांची व थरावर थर चढविलेल्या चौकोनी शिडांची मांडणी शिवकालीन नौकेवर करणे ही मोठी चूक होय.

गुराब व गलबत यांचे सविस्तर वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केले आहे (१७६३). त्यानुसार गुराबेस दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. तीन डोलकाठ्यांची गुराब सु. ३०० टनांची व दोन डोलकाठ्यांची सु. १५० टनांची असे. तिचा तळ उथळ, मध्यभाग रुंद आणि पुढचे टोक भूमध्य समुद्रातील गॅली जहाजाप्रमाणे निमुळते व पुढे आलेले असे. या टोकावरून मारा करण्यासाठी नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा पुढे तोंड करून बसविलेल्या असत. गलबत याच धर्तीचे परंतु लहान, क्वचितच ७० टनांहून मोठे असे. त्याला दोन डोलकाठ्या असून मागील काठी फारच बारीक असे. मुख्य काठीवर एकच मोठे त्रिकोणी शीड असे व त्याचे वरचे टोक डोलकाठीच्या शेंड्याहून पुष्कळ उंच जाई. वारा पडल्यास ४० ते ५० वल्ह्यांनी गलबत ताशी सु. चार मैल वेगाने वल्हविले जाई.

या वर्णनाचे परिणाम प्रतिकृतीत स्पष्ट दिसावयास हवेत. गलबताच्या शिडाची तिरपी काठी डोलकाठीहून लांब घ्यावी लागते. ती आखूड केल्यास शीड दोरीवर वाळत घातलेल्या कापडासारखे दिसते. ही काठी डोलकाठीच्या एका अंगास, वारा जाण्याच्या बाजूस, असते, मध्यभागी नसते. अरबी जहाजांच्या शिडाचा पुढचा कोन बहुधा छाटलेला असतो व त्यामुळे त्याला चार बाजू येतात; ऑर्मच्या वर्णनातील शीड मात्र त्रिकोणी आहे. हा फरक लहान असला, तरी नौकेची जात ओळखण्यास तो उपयोगी पडतो. अठराव्या शतकातील ब्रिटिश चित्रांत गुराबेवर चौकोनी शिडे दिसतात. ती कोणत्या सत्तेची गुराब आहे, हे पाहूनच त्यांचा स्वीकार करावा, कारण मुंबईकर इंग्रजांच्या आरमारातही गुराबा होत्या.

१३ फेब्रुवारी १७५६ रोजी ॲडमिरल वॉटसन व रॉबर्ट क्लाइव्ह यांनी घेरिया (विजयदुर्ग) जिंकला. तत्पूर्वीच्या मारगिरीत तुळाजी आंग्रे यांचे आरमार आगीत भस्मसात झाले. या प्रसंगाचे डॉमिनिक सेरेस याने काढलेले चित्र घटनेनंतर काही वर्षांनी तयार झालेले आहे. आंग्र्यांच्या नौकांची शिडे ठरविताना अशा चित्राचा आधार घेणाऱ्याने ते जेत्यांच्या बाजूचे व उत्तरकालीन आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. जळालेल्या आरमाराची स्मृती अशा प्रकारे बऱ्याच अंशी ते जाळणाऱ्यांच्या लेखणीतून व कुंचल्यातून आपल्यापर्यंत आली आहे. तिच्या प्रतिकृती काळजीपूर्वक करण्याचे हे आणखी एक कारण होय.

ध्वज : समुद्रावर ध्वज हे प्रथम ओळखीचे साधन असते. पोर्तुगीजांचे परवाने व पुढे कान्होजी आंग्रे यांची दस्तके ज्या काळी किनाऱ्यावरील वाहतुकीचे नियमन करीत होती, त्या काळी परक्या जहाजाचा ध्वज ओळखण्यावर जहाजाची मुक्तता किंवा जप्ती अवलंबून असे. भगवा झेंडा हे मराठी राज्याचे निशाण सर्वपरिचित आहे. जरीपटका हे जरतारी निशाण सेनापती व सरदार यांच्या अधिकाराचे चिन्ह होते आणि त्याचे उल्लेख मुख्यतः भूसेनेच्या संदर्भात येतात. म्हणून शिवकालीन गलबताच्या प्रत्येक डोलकाठीवर जरीपटका लावण्याची प्रथा समर्थनीय नाही. रंगाच्या बाबतीतही काळजी आवश्यक आहे. वनस्पतिज व खनिज रंगांनी रंगविलेल्या सुती वा रेशमी कापडाची भगवी छटा आजच्या रासायनिक नारिंगी रंगाइतकी भडक नसते.

यूरोपीय ध्वजांच्या बाबतीत तारखा निश्चित असल्याने चुका सहज दाखविता येतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या ध्वजावर तांबडे व पांढरे आडवे पट्टे असून कोपऱ्यात १७०७ पर्यंत सेंट जॉर्जचा क्रूस, त्यानंतर इंग्लंड-स्कॉटलंडचा संयुक्त ध्वज आणि १८०१ पासून आयर्लंडचा तिरपा तांबडा क्रूस समाविष्ट असलेला संयुक्त ध्वज असे. १७५६ मधील घेरियाच्या देखाव्यात आजचा ब्रिटिश ध्वज लावल्यास ४५ वर्षांची चूक होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १८१७ मध्ये पाण्यात सोडण्यात आली. ती पुढे १८४७ ते १८५७ या दशकात दोन सफरींवर होती आणि आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. १८६४ पर्यंत ब्रिटिश युद्धनौका आपल्या ताफ्याच्या गटानुसार तांबडा, पांढरा किंवा निळा ध्वज लावीत. केवळ पांढरा ध्वज युद्धनौकांसाठी त्यानंतर रूढ झाला. तेव्हा अशा नौकेच्या प्रतिकृतीवर ध्वज लावण्यापूर्वी तिची कोणती सफर दाखविली आहे, हे ठरवावे लागते.

स्वतंत्र भारताच्या नौदलाचा ध्वज अनेकदा बदलला आहे. २६ जानेवारी १९५० पासून पांढऱ्या भूमीवर तांबडा क्रूस व कोपऱ्यात तिरंगा असा ध्वज होता. १५ ऑगस्ट २००१ रोजी क्रूस काढून निळ्या रंगातील नौदलचिन्ह घालण्यात आले. निळा रंग आकाश व समुद्र यांच्या पार्श्वभूमीवर नीट दिसत नसल्याने २००४ मध्ये क्रूस परत आला व त्याच्या मध्यावर राजमुद्रेतील सिंहशीर्ष आले. २०१४ मध्ये त्याखाली ‘सत्यमेव जयते’ ही अक्षरे घालण्यात आली. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नवा ध्वज जाहीर झाला. त्यात क्रूस नसून कोपऱ्यात तिरंगा व दुसऱ्या बाजूस सोनेरी किनारीचा निळा अष्टकोन आहे; अष्टकोनाची कल्पना शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे. पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ ही ४ मार्च १९६१ ते ३१ जानेवारी १९९७ या काळात सेवेत होती. म्हणून तिच्या प्रतिकृतीस १९५० चा ध्वजच योग्य होय. १९९७ मध्ये सेवेत आलेल्या ‘दिल्ली’ या विनाशिकेवर मात्र पाचही प्रकार क्रमाने फडकले. तिच्या प्रतिकृतीवरील ध्वज योग्य की अयोग्य, हे पाटीवरील वर्ष वाचल्याशिवाय सांगता येणार नाही.

वारा, माप व कापड : ध्वज व शिडे यांना एकच वारा लागतो. वारा मागून येत असल्यास शिडे पुढे फुगतात आणि डोलकाठीवरील ध्वजही नाळेच्या दिशेनेच फडकतात. शिडे पुढे फुगलेली व ध्वज मागे उडणारे, अशी प्रतिकृती वारंवार आढळते. यंत्रावर चालणाऱ्या नौकेचा ध्वज तिच्या गतीमुळे बहुधा मागे उडतो; ते चित्र डोळ्यांत बसल्याने ही चूक होत असावी. बंदरात नांगरलेल्या अवस्थेत शिडे गुंडाळून ध्वज लोंबते दाखविणे अधिक सुरक्षित ठरते.

मापाच्या बाबतीत १ : ४८ हे प्रमाण शिडाच्या जहाजांसाठी रूढ आहे. या प्रमाणात ०·२५ मिमी. जाडीचे कापड मूळ नौकेवर १२ मिमी. जाडीचे ठरेल आणि २ मिमी. लांबीचा टाका सु. १० सेंमी. लांबीचा होईल. म्हणून कुशल कारागीर अत्यंत तलम रेशीम किंवा पातळ कागद वापरतात व शिवणी टाक्यांऐवजी बारीक पेन्सिलीच्या रेषांनी दाखवितात. अठराव्या शतकातील ब्रिटिश शिडाच्या कापडाची पट्टी २४ इंच (सु. ६१ सेंमी.) रुंद असे, १ : ४८ प्रमाणात या रेषा सु. १३ मिमी. अंतरावर येतात. तेच अंतर सुती कापडाच्या भारतीय शिडांना आंधळेपणाने लावू नये.

चुकीची परंपरा : एकदा रूढ झालेली चूक किती काळ टिकते, याचे उदाहरण ‘व्हिक्टरी’ जहाजाच्या संदर्भात मिळते. नेल्सनने ट्रफॅल्गर येथे ध्वजांद्वारे दिलेला प्रसिद्ध संदेश पुढे अनेक वर्षे १७९९ च्या संकेतपुस्तकानुसार दाखविला जात होता. ते पुस्तक फ्रेंचांच्या हाती पडल्याने १८०३ मध्येच संकेत बदलण्यात आले होते, ही गोष्ट १९०८ मध्ये लक्षात आली. ज्या लढाईची कागदपत्रे विपुल आहेत, तिच्याबाबत असे घडले. मग ज्या आरमाराची कागदपत्रे तुटपुंजी आहेत, त्याच्या प्रतिकृतींबाबत अधिक दक्षता हवी, हे उघड आहे.

यासाठी प्रतिकृतीसोबतच्या पाटीवर नौकेचे नाव व प्रकार, दाखविलेले वर्ष व प्रसंग आणि प्रमाण यांबरोबरच प्रत्येक ध्वज व शीड कोणत्या वर्गात मोडते, हे नमूद करणे इष्ट ठरते. असे वर्ग तीन करता येतात : वस्तू वा समकालीन लेख यांनी सिद्ध झालेले, तत्सम नौकांवरून अनुमानाने घेतलेले, आणि केवळ प्रतीक म्हणून लावलेले. ज्या नौकेचा ध्वज निश्चित करता येत नाही, तिची ध्वजकाठी मोकळी ठेवणे हीदेखील यथार्थताच होय. समुद्र न पाहिलेल्या विद्यार्थ्याला, मग तो वाशिमचा असो वा अन्य अंतर्देशीय जिल्ह्यातील, आरमाराची ओळख बहुधा काचेच्या कपाटातील अशा प्रतिकृतीवरूनच होते. त्या कपाटातील मोकळी काठी व तिच्याखालील प्रामाणिक पाटी त्याला इतिहासाची साधने कशी वापरतात हे शिकवू शकते. रंगीबेरंगी परंतु निराधार निशाणांनी ते साधत नाही.